मोटारीचा मागचा पहारेकरी

व्यापार म्हटला की मालाची ने-आण आली आणि ने-आण म्हटली की वाहन आले. ज्या काळी निपाणीची तंबाखू आणि बेळगाव भागातील भात बैलगाड्यांतून पेठेत येत असे, त्या काळी गाडी मागे घ्यावयाची झाल्यास गाडीवान खाली उतरे, मागे कोणी नाही ना हे स्वतःच्या डोळ्यांनी पाही आणि मगच बैलांस मागे रेटी. आज वाहने बदलली, वेग बदलला, परंतु पेठेचे बोळ होते तेवढेच राहिले. बेळगावच्या रविवार पेठेत किंवा निपाणीच्या बाजारात एका बाजूस माल उतरणारा ट्रक, दुसऱ्या बाजूस हातगाडी आणि मध्ये पोते पाठीवर घेतलेला हमाल अशा स्थितीत मोटार मागे घेणे हे कौशल्याचेच काम होय. या कामी साहाय्यक म्हणून मोटारीच्या मागील बंपरात जे लहान वाटोळे डोळे बसविलेले असतात, त्यांस ‘पार्किंग सेन्सर’ असे म्हणतात. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींस मागील बाजूची ही सूचना देणारी योजना सक्तीची झाली असून त्यापूर्वीच्या पुष्कळ मोटारींस ती बाहेरून बसवून घेतलेली आढळते. सारांश, आपल्या सभासद बंधूंपैकी बहुतेकांच्या दारी हा पहारेकरी आज उभा आहे.

पहारेकरी ठेवला म्हणजे काम संपले असे नाही. तो आजारी पडतो, पेंगतो आणि क्वचित उगाचच आरोळ्या मारतो. अशा वेळी त्याचे दुखणे कसे ओळखावे व त्यावर कोणता उपाय योजावा, याची व्यापारी कुटुंबांस उपयोगी पडेल एवढी माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे आम्ही योजिले आहे.

यंत्राचे कार्य कसे चालते

यांस डोळे म्हणत असले तरी वस्तुतः हे कान होत. काही स्फटिकांवर दाब पडला असता त्यांत वीज उत्पन्न होते, हा शोध जॅक व पिएर क्युरी या फ्रेंच बंधूंनी १८८० साली लावला. उलट अशा स्फटिकास वीज दिली असता तो थरथरतो, हेही पुढे लवकरच सिद्ध झाले. पहिल्या महायुद्धात लाँजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने याच तत्त्वावर समुद्रातील पाणबुड्या हुडकण्याचे साधन तयार केले. युद्धातील ही विद्या पुढे शांततेच्या कामी आली आणि १९८२ साली जपानच्या टोयोटा कंपनीने आपल्या ‘कोरोना’ मोटारीस मागचा अडथळा सांगणारे असे उपकरण बसविले.

सेन्सरच्या आत एक पातळ पडदा व त्यास चिकटविलेली अशीच एक टिकली असते. ती सेकंदास ४०,००० किंवा त्याहून अधिक वेळा कंप पावते. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपलीकडचा नाद ऐकू येत नाही, म्हणून हा नाद आपणांस जाणवत नाही. तो मागील भिंतीवर आपटून परत येतो आणि तीच टिकली तो प्रतिध्वनी ऐकते. हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो. भिंत दीड मीटर अंतरावर असेल तर जाऊन-येऊन तीन मीटरांच्या प्रवासास सेकंदाचा साधारण ९ सहस्रांश एवढा काळ लागतो. या काळावरून डिकीच्या कडेस बसविलेली पेटी अंतराचा हिशेब करते आणि चालकास ‘पीं पीं’ असा इशारा देते. अडथळा जवळ येईल तसा सूर घाईचा होतो आणि साधारण ३० सेंटीमीटरच्या आत तो अखंड वाजू लागतो. वटवाघूळ अंधारात ज्या युक्तीने उडते, तीच ही युक्ती.

खोटी आरोळी

सेन्सर मुळीच न वाजणे हा दोष खरा, परंतु विनाकारण वाजणे हा त्याहून घातक दोष होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सर्वांनी बालपणी ऐकलेली आहे. मागे काही नसताना जो सेन्सर आठ दिवस ओरडत राहतो, त्याच्याकडे नवव्या दिवशी कोणी लक्ष देत नाही. नंतर चालक कंटाळून आवाजाची तारच काढून टाकतो आणि घरातील इतर माणसे मात्र ‘यंत्र आहे’ या भरवशावर राहतात.

आमच्या पेठेतील एका दुकानदाराच्या मोटारीसंबंधी असाच प्रसंग घडला. सततच्या खोट्या आवाजास कंटाळून त्यांच्या चालकाने भोंगा बंद करून ठेवला होता. एके सायंकाळी मोटार मागे येत असता एक हमाल वाकून पोत्याचे तोंड शिवीत बसला होता. सुई-सुतळीत त्याचे चित्त गुंतलेले आणि यंत्र मुके. दुसऱ्या हमालाने मोटारीच्या टपावर जोराने थाप मारली म्हणून चाक दोन हातांवर थांबले. त्या दिवशी कोणास खरचटलेसुद्धा नाही. तथापि त्या हमालाच्या घरी खाणारी तोंडे पाच आणि मिळवणारा तो एकटा, हे जाणणाऱ्या आम्हां सर्वांच्या काळजाचे पाणी झाले. भोंगा बंद करण्याऐवजी त्याच वेळी दोष शोधला असता तर ही वेळ आली नसती.

दोष नसता दोषाचा भास

दुरुस्तीच्या मार्गास लागण्यापूर्वी सेन्सर खरोखरच बिघडला आहे की नाही याची खात्री करावी. पुष्कळदा यंत्र निर्दोष असते आणि कारण बाहेर असते. आपल्या भागातील व आपल्या धंद्यातील अशी काही कारणे पुढे देत आहोत.

पहिले कारण चिखल. जून ते सप्टेंबरपर्यंत बेळगाव-खानापूरकडील तांबडी माती आणि निपाणीकडील काळी माती बंपरावर उडून वाळते. पडद्यावर असा थर बसला की त्याची थरथर वेळेवर थांबत नाही आणि आपलीच थरथर पेटीस प्रतिध्वनी वाटू लागते. परिणामी मागे मोकळे मैदान असले तरी अखंड सूर निघतो. पाण्याचा मोठा थेंब पडद्यावर साचल्यासही तसेच घडते.

दुसरे कारण ओझे. डिकीत तीन-चार जड पोती टाकली की मोटारीचा मागील भाग खाली बसतो, सेन्सरची नजर जमिनीकडे वळते आणि रस्त्यावरील खडीचाच प्रतिध्वनी परत येतो. माल उतरताच आवाज थांबत असेल तर सेन्सरला दोष देऊ नये, पोत्यांसाठी टेंपो बोलवावा.

तिसरे कारण उत्सवाचे. खंडेनवमीस आपण वाहन धुऊन, हळदकुंकू लावून त्यास झेंडूची माळ घालतो. ती माळ मागे बंपरावर लोंबू लागली म्हणजे सेन्सरपुढे सदैव एक अडथळा उभा राहतो. सेन्सरवर चिकटविलेले नावाचे कागद, मागाहून बसविलेली लोखंडी जाळी किंवा ओढणीचा आकडा यांचाही परिणाम असाच होतो.

चौथे कारण आजूबाजूचे नाद. जवळच उभ्या असलेल्या ट्रकच्या एअर ब्रेकमधून हवा सुटते तेव्हा तिच्या फुसकाऱ्यात आपणांस ऐकू न येणारा उच्च नादही असतो. दुसऱ्या मोटारीचे सेन्सर शेजारी चालू असले तरी गोंधळ होतो. जागा बदलल्यावर आवाज थांबला तर निश्चिंत असावे.

दुखणे ओळखण्याचा क्रम

ही कारणे नसताही दोष राहिला तर पुढे क्रमाने जावे. क्रम हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. हिशेबात एक रुपयाचा फरक आला म्हणून आपण सारी खातेवही फाडीत नाही, प्रथम त्या दिवसाची रोजकीर्द ताडून पाहतो. येथेही बिनखर्चाचे काम प्रथम आणि खर्चाचे शेवटी हाच नियम पाळावा.

प्रथम सेन्सर साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसून कोरडे करावे. टोकदार वस्तूने खरवडू नये आणि धुण्याच्या यंत्राचा जोराचा झोत अगदी जवळून मारू नये.

दुसरे, रिव्हर्स गिअर टाकला असता मागचा पांढरा दिवा लागतो की नाही हे पाहावे. बाहेरून बसविलेल्या संचास वीज बहुधा याच दिव्याच्या तारेतून दिलेली असते. दिवा लागत नसेल तर फ्यूज, बल्ब अथवा गिअरजवळील स्विच यांत दोष असावा, सेन्सर निरपराध असतो. दिवा लागतो पण सेन्सर गप्प, असे असेल तर पुढे जावे.

तिसरे, प्रत्येक सेन्सरची नाडी पाहावी. मोटार सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांस दगड लावावेत, इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवावी आणि रिव्हर्स गिअर टाकावा. एका माणसाने ब्रेकवर पाय ठेवून आत बसावे. मग दुसऱ्याने प्रत्येक सेन्सरवर बोटाचे टोक हलकेच ठेवावे किंवा कान जवळ न्यावा. जिवंत सेन्सर बारीक टिकटिक करतो. चारांपैकी तीन टिकटिकले आणि एक मुका राहिला तर संशयित सापडला. इंजिन चालू ठेवून कोणीही मोटारीमागे उभे राहू नये, हे आम्ही पुन्हा बजावून सांगतो.

चौथी पायरी अदलाबदलीची, आणि सर्व परीक्षेचे मर्म तिच्यात आहे. मुका सेन्सर सापडला तरी दोष त्याचा की त्याच्या तारेचा की पेटीचा, हे अद्याप ठरलेले नसते. बाहेरून बसविलेल्या संचात पेटीला प्रत्येक सेन्सरची तार वेगळ्या खोबणीत लावलेली असते. संशयिताची तार शेजारच्या चांगल्या सेन्सरच्या खोबणीत घालावी आणि चांगल्याची त्याच्या. दोष सेन्सरबरोबर दुसरीकडे गेला तर सेन्सर किंवा त्याची तार वाईट. दोष जुन्याच जागी राहिला तर पेटीची ती खोबण वाईट. एका काट्यावर पोते कमी भरले तर आपण तेच पोते दुसऱ्या काट्यावर घालतो. तोल बदलला तर काटा खोटा आणि न बदलला तर पोतेच हलके. हाच न्याय येथे लावावयाचा. कंपनीने कारखान्यातच बसविलेल्या संचात मात्र यासाठी बंपर काढावा लागतो, म्हणून ते काम माहितगार कारागिराकडूनच करून घ्यावे.

पाचवे, जोड पाहावेत. बंपरामागील जोडांत पावसाचे पाणी शिरले की तांब्यावर हिरवट गंज चढतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याच मोटारीचा उजवीकडील सेन्सर ओरडू लागला तेव्हा एका मोठ्या वर्कशॉपने चारही सेन्सर व सर्व तारा बदलण्याचा सल्ला दिला. आम्ही तसे न करता पेठेनजीकच्या एका वायरिंगवाल्यास मोटार दाखविली. आमच्याशी मराठीत आणि आपल्या पोऱ्याशी कानडीत बोलत त्या गृहस्थाने अर्ध्या तासात अदलाबदलीची परीक्षा केली, हिरवटलेला जोड उघडला, फवाऱ्याच्या औषधाने स्वच्छ केला, पिना घट्ट केल्या आणि वर पाणी न शिरणारे आवरण चढविले. त्यानंतर सबंध पावसाळा तो सेन्सर मुकाट्याने आपले काम करीत राहिला.

सहावे कारण आपल्या धंद्याशी निगडित आहे, ते म्हणजे उंदीर. धान्याच्या वखारीजवळ रात्रभर उभी राहणारी मोटार म्हणजे उंदरांची धर्मशाळाच. बारीक तारांचे आवरण ते कुरतडतात आणि दोन तारा एकमेकींस चिकटतात. आपल्या धर्मास अनुसरून विष घालण्याचा विचार कोणी मनात आणू नये. मोटार वखारीपासून दूर, उजेडात उभी करावी, डिकीत सांडलेले धान्य दररोज झाडून काढावे आणि तारांवर नागमोडी प्लॅस्टिकची नळी चढवून घ्यावी. खाद्य नाही तेथे उंदीर फार दिवस राहत नाही.

एवढ्यानेही दोष न सापडल्यास मल्टिमीटरने पेटीपर्यंत सुमारे १२ व्होल्ट वीज पोहोचते की नाही हे पाहावे लागते. कंपनीच्या संचात बिघाड झाल्यास काही मोटारी रिव्हर्स गिअर टाकताच एक लांब सूर काढतात किंवा पडद्यावर खूण दाखवितात. तो यंत्राने स्वतःच धाडलेला आजाराचा निरोप होय. अशा मोटारीस स्टिअरिंगखालच्या जोडास स्कॅनर लावून दोषाचा संकेत वाचता येतो. साधा स्कॅनर केवळ इंजिनाचेच दोष वाचतो, म्हणून सेन्सरचे दोष वाचणारा स्कॅनर आहे काय हे आधीच विचारून घ्यावे.

बदलताना घ्यावयाची काळजी

सेन्सरच मेला असेल तर तो एकच बदलावा, चारही बदलण्याचे सहसा कारण नसते. नवा सेन्सर जुन्याच जातीचा असावा. दिसण्यात सारखे सेन्सर कामात सारखे असतीलच असे नाही. अनेक सेन्सरांवर ‘वर’ अशा अर्थाची खूण असते, ती वरच्या बाजूस येईल असेच ते बसवावेत. सेन्सरची नजर आडवी रुंद आणि उभी अरुंद असते. तो आडवा फिरला तर जमीन पाहू लागतो आणि पुन्हा खोटी आरोळी सुरू होते. भोवतीची रबरी कडी गहाळ झाल्यास बंपराची थरथर पडद्यास लागते, म्हणून तीही जपून बसवावी. बंपर ठोकून रंगविला असेल तर सेन्सरवर लांबी वा रंगाचे जाड थर बसले नाहीत ना हे पाहावे. जाड रंगाखाली पडदा गुदमरतो.

काम झाल्यावर परीक्षा घेतल्याविना पैसे चुकते करू नयेत. सुमारे तीन इंच व्यासाची, मीटरभर उंचीची प्लॅस्टिकची नळी मोटारीमागे उभी करावी. डावा कोपरा, मध्य आणि उजवा कोपरा अशा तिन्ही ठिकाणी सूर किती अंतरावर सुरू होतो व किती अंतरावर अखंड होतो हे टेपाने मोजून वहीत टिपून ठेवावे. महिन्यातून एकदा हीच मापे पुन्हा घ्यावीत. आपल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी सरकारी पडताळणी होऊन त्यावर मोहोर उठते. मोटारीच्या या काट्यावर मोहोर उठविणारा अधिकारी कोणी नाही, तेव्हा ते काम घरधन्यानेच केले पाहिजे. आता आपल्या घरांतील सुना व मुलीही मोटार चालवितात. ही मापे त्यांनाही ठाऊक असावीत.

यंत्राची मर्यादा आणि आपले कर्तव्य

येथपर्यंत दोषी यंत्राचा विचार झाला. परंतु निर्दोष यंत्रासही सर्व काही दिसत नाही. तागाचे पोते नाद शोषून घेते, म्हणून पोत्यांची थप्पी त्यास भिंतीइतकी स्पष्ट ऐकू येत नाही. धान्याच्या उतरत्या राशीवरून नाद भलतीकडे परावर्तित होतो. बारीक सळई त्याच्या नजरेतून निसटते. ट्रकचा फाळका किंवा हंगामात रस्त्यारस्त्यांवर उभ्या असणाऱ्या ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची टोके त्याच्या नजरेच्या वर राहतात, आणि खाली मोकळी जागा दिसल्याने यंत्र गप्प बसते. बंपराच्या अगदी लगत व खाली तर त्यास काहीच कळत नाही. तेथे सावलीस निजलेले कुत्र्याचे पिल्लू असू शकते आणि चेंडूमागे रांगत गेलेले आपलेच नातवंडही असू शकते.

आपल्या धर्मात मुनिजनांस सांगितलेल्या पाच समितींपैकी पहिली ईर्यासमिती होय. दिवसा, पुढील चार हात जमीन पाहून, कोणत्याही जीवास इजा होणार नाही अशा बेताने पाऊल टाकावे, असा तिचा आशय आहे. चार हात म्हणजे साधारण सहा फूट. आजच्या सेन्सरची मागील बाजूची नजर बहुधा पाच-सहा फुटांचीच असते, हा योगायोग आम्हांस विचार करण्यासारखा वाटतो. परंतु मुनी आपली नजर यंत्रावर सोपवीत नाहीत. आपण गृहस्थ आहोत, त्यांच्या व्रतांची बरोबरी आपल्याकडून होणे नाही. तथापि मोटारीत बसण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारून खाली वाकून पाहणे एवढे अणुमात्र पालन तरी आपणांस अशक्य नाही. त्यास अर्धा मिनिटही लागत नाही.

अमावास्येस स्तवनिधीच्या दर्शनास जाणाऱ्या मोटारींची दाटी होते आणि त्या दाटीत वृद्ध व लहान मुलेही असतात. पेठेत आपल्यासाठी घाम गाळणारे हमाल असतात. त्यांच्यातून मोटार मागे घेताना जो सूर आपल्या कानी पडतो, तो खरा असला पाहिजे. खऱ्या मापाचा व्यवहार ही आपल्या समाजाच्या व्यापाराची पूर्वापार मिरास आहे. तीच कसोटी मोटारीच्या या लहानशा यंत्रासही लावावी. ते खोटे बोलू लागले तर त्याचे तोंड बांधू नये, त्याचे दुखणे बरे करावे. आणि ते खरे बोलत असले तरी आपले डोळे मिटू नयेत, एवढीच सर्व सभासद बंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे.